प्रादेशिक हौशी बिनतारी स्पर्धा : नियम, प्रयोजन आणि चिखलदऱ्याचे पठार

बीजसंज्ञा : हौशी बिनतारी सेवा, हॅम रेडिओ, प्रादेशिक स्पर्धा, गुणांकन पद्धती, फील्ड डे, चिखलदरा, मेळघाट, आपत्कालीन संदेशवहन

प्रस्तावना

स्पर्धेच्या नियमपत्रकाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे रूढ नाही. सनदा, रोजकीर्दी, शासकीय अहवाल, वृत्तपत्रे, पत्रव्यवहार यांचा साधन म्हणून विचार होतो. नियमपत्रक मात्र स्पर्धा संपताच रद्दीत जाते. वस्तुतः कोणत्या कृतीस किती गुण द्यावयाचे हे ठरविताना संयोजक आपल्या समूहास काय मोलाचे वाटते, याचीच लेखी नोंद करीत असतात. या दृष्टीने हौशी बिनतारी क्षेत्रातील स्पर्धांचे नियम अभ्यासण्यासारखे आहेत. त्यांना शंभर वर्षांची परंपरा आहे, ते लिखित स्वरूपात आहेत, आणि त्यांतील बदलांमागे युद्ध, कायदा व नैसर्गिक आपत्ती यांचा इतिहास दडलेला आहे.

हौशी बिनतारी सेवा, अर्थात बोलीभाषेतील ‘हॅम रेडिओ’, म्हणजे शासनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या संचावरून जगातील अन्य परवानाधारकांशी विनामोबदला संपर्क साधणे होय. प्रत्येक परवानाधारकास एक कॉल साइन मिळते. भारतीय कॉल साइनचा आरंभ ‘व्हीयू’ या अक्षरांनी होतो आणि ही अक्षरे १९२९ पासून प्रचारात आहेत. स्पर्धेचे स्वरूप वरकरणी अगदी साधे असते. ठरावीक मुदतीत अधिकाधिक केंद्रांशी संपर्क साधावयाचा, प्रत्येक संपर्कात एक ठरलेली माहिती परस्परांना द्यावयाची व घ्यावयाची, ती वेळेसह नोंदवहीत उतरवावयाची आणि ती नोंदवही संयोजकांकडे पाठवावयाची. उभयतांच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात. जुळल्या तर गुण मिळतात. गुणांच्या बेरजेस देश, विभाग किंवा चौकोन यांच्या संख्येने गुणले जाते. या गुणकातच स्पर्धेचे खरे धोरण असते.

प्रस्तुत लेखात जागतिक आणि प्रादेशिक स्पर्धांच्या नियमांतील एका मूलभूत भेदाचे विवेचन केले आहे. जागतिक स्पर्धा दूरच्यास मोल देते. शेजाऱ्यास देत नाही. प्रादेशिक स्पर्धेचे प्रयोजन नेमके याच्या उलट आहे. हा भेद भौगोलिक दृष्ट्या किती गंभीर ठरू शकतो, हे चिखलदऱ्याच्या पठारावरून स्पष्ट दिसते.

स्पर्धांचा उगम : दोनशे मीटरच्या खाली

अमेरिकेत १९१२ च्या रेडिओ कायद्याने हौशी लोकांना दोनशे मीटर व त्याहून कमी तरंगलांबीवर ढकलले. त्या काळी या लहरी निरुपयोगी समजल्या जात. व्यापारी व नौदलाच्या केंद्रांनी चांगली जमीन घेतली आणि हौशींच्या वाट्यास पडीक आली, असेच म्हणावे लागेल. परंतु याच पडीक जमिनीत पुढे पीक आले. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे तंबू ठोकून बसला आणि त्याने अटलांटिकपलीकडील हौशी केंद्रांचे संकेत ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेआँ देलुआ आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात अटलांटिकच्या दोन्ही तीरांदरम्यान दुहेरी संपर्क झाला. या प्रयत्नांना ‘चाचणी’ असे नाव होते. वेळ ठरलेली, पद्धत ठरलेली, नोंद सक्तीची. स्पर्धेची सर्व अंगे त्यांत बीजरूपाने होती. विजेता तेवढा नव्हता.

अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था १९१४ मध्ये हायरम पर्सी मॅक्झिम यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. तिच्या नावातील ‘रिले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एका केंद्राचा पल्ला अपुरा पडे, म्हणून निरोप हातोहात पुढे पोहोचवावयाचा, ही तिची मूळ कल्पना. म्हणजे शेजारच्या गावातील केंद्र हे या व्यवस्थेत अपरिहार्य होते. लघुलहरींचा शोध लागला, एका उडीत समुद्र ओलांडता येऊ लागला, आणि शेजारी अनावश्यक ठरला. १९२७ पासून सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा या दूरसंपर्काच्या उत्साहातून जन्मास आल्या.

याच संस्थेने जून १९३३ मध्ये ‘फील्ड डे’ सुरू केला. घरातील स्थिर केंद्र सोडून मोकळ्या मैदानात वा डोंगरावर जावयाचे, विजेच्या जोडणीविना संच उभारावयाचा आणि चोवीस तास तो चालवावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. विशेष म्हणजे संयोजक संस्था त्यास पूर्णार्थाने स्पर्धा म्हणत नाही, तरीही गुण मोजते. हे गुण कशाकशाला आहेत ते पाहिले म्हणजे प्रयोजन उलगडते. आपत्कालीन विजेवर संच चालविल्यास अधिक गुण. पाच वॉट किंवा त्याहून कमी शक्तीवर, बॅटरीच्या साहाय्याने काम केल्यास सर्वाधिक गुणक. सौर ऊर्जेसारख्या नैसर्गिक स्रोतावर संपर्क साधल्यास शंभर गुण. सार्वजनिक ठिकाणी केंद्र उभारल्यास शंभर. आणि निमंत्रित लोकप्रतिनिधीने केंद्रास भेट दिल्यास आणखी शंभर. (ही शेवटची तरतूद आपल्याकडे जशीच्या तशी उचलली, तर स्पर्धेचा पूर्वार्ध उद्घाटनात आणि उत्तरार्ध आभारप्रदर्शनात जाण्याचा संभव आहे.) तथापि तिच्यामागील हेतू स्पष्ट आहे. आपत्ती आल्यावर ज्यांना या सेवेची गरज पडेल, त्यांनी ती आधी पाहिलेली असावी.

भारतातील कायदा आणि हौशी केंद्र

भारतात हौशी बिनतारीचा आरंभ १९२० च्या दशकातला. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचे नाव पहिल्या भारतीय हौशी चालकांत घेतले जाते. मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये कार्यक्रमांचे प्रसारण केले. त्या काळी हौशी संदेशवहन आणि सार्वजनिक प्रसारण यांच्यातील सीमारेषा धूसर होती. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारयंत्र अधिनियमाने परवान्याविना बिनतारी संच बाळगणे हाच गुन्हा ठरविला आणि हौशी माणूस व राज्यसंस्था यांच्यातील संबंधास कायमचे वळण लागले.

दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द करण्यात आले व संच जमा करण्याचे आदेश निघाले. पुढे १९४२ च्या आंदोलनात मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेला गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२ या काळात बोलत राहिला. त्याच्या तांत्रिक उभारणीत युद्धापूर्वीचे हौशी परवानाधारक नरिमन प्रिंटर यांचा सहभाग होता. ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने प्रत्येक हौशी हा संभाव्य बंडखोर होता, ही समजूत या प्रकरणात तरी खोटी ठरली नाही. स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी महू येथील सिग्नल शाळेत हौशींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९५४ मध्ये ती दिल्लीस येऊन ‘अ‍ॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ या नावाने ओळखली जाऊ लागली. राज्यकर्ते बदलले, संशयाची सवय मात्र नियमांच्या भाषेत टिकून राहिली.

भारतीय बिनतारी तार (हौशी सेवा) नियम, १९७८ यांत हौशी सेवेची आंतरराष्ट्रीय व्याख्याच स्वीकारलेली होती. स्वशिक्षण, परस्पर संपर्क व तांत्रिक अन्वेषण हे तिचे उद्देश. आर्थिक लाभ वर्ज्य. परीक्षा, श्रेणी, श्रेणीनुसार शक्तीची मर्यादा, कालक्रमाने ठेवावयाची नोंदवही यांच्या तरतुदी त्यात होत्या. परीक्षा केंद्रांत नागपूरचा समावेश असल्याने वऱ्हाडातील उमेदवारास मुंबई गाठण्याची गरज पडत नसे. १८८५ व १९३३ च्या जुन्या कायद्यांच्या जागी २०२३ मध्ये नवा दूरसंचार अधिनियम संमत झाला. तथापि स्पर्धेचा विचार करताना १९७८ च्या नियमांतील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात, कारण भारतीय हौशींच्या सवयी त्यांच्याच छायेत घडल्या.

पहिली गोष्ट त्रयस्थाच्या निरोपाची. हौशी चालकाने दुसऱ्या कोणाचा निरोप पोहोचवू नये, हा सर्वसाधारण नियम; आपत्तीच्या प्रसंगी तेवढी सूट. अमेरिकेत निरोप हातोहात पोहोचविणे हीच हौशींची नित्याची तालीम होती आणि त्यातून त्यांची आपत्कालीन यंत्रणा उभी राहिली. भारतात ती तालीम करण्याचीच मुभा नव्हती. जी गोष्ट वर्षभर निषिद्ध, ती महापुराच्या दिवशी अचूक करून दाखवावी, अशी ही अपेक्षा होय. या विसंगतीतून वाट काढणारा कायदेशीर मार्ग एकच उरतो, तो म्हणजे स्पर्धा. स्पर्धेत देवाणघेवाण होणारी माहिती ही चालकाची स्वतःची असते. त्यामुळे त्रयस्थाच्या निरोपाचा प्रश्न येत नाही, परंतु अपरिचित माहिती गोंगाटात अचूक ऐकणे व टिपून घेणे या कौशल्याचा सराव होतो. भारतीय संदर्भात स्पर्धेस अमेरिकेपेक्षा अधिक महत्त्व असावयास हवे, ते या कारणाने.

दुसरी गोष्ट स्थळाची. परवाना हा त्यावर नोंदलेल्या जागेशी बांधलेला होता. अन्यत्र वा फिरत्या स्थितीत संच चालवावयाचा तर वेगळी अनुमती लागे. डोंगरावर चढून करावयाची स्पर्धा आणि घराच्या पत्त्यास जखडलेला परवाना यांचा मेळ सहज बसत नाही. प्रादेशिक स्पर्धेच्या संयोजकास तांत्रिक तयारीपूर्वी कागदपत्रांची तयारी करावी लागते, ही वस्तुस्थिती आहे.

शून्य गुणांचा शेजारी

जगातील मोठ्या स्पर्धांपैकी ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही स्पर्धा १९४८ पासून चालत आली आहे. तिच्यात जगाचे ४० विभाग कल्पिलेले असून प्रत्येक संपर्कात संकेताच्या दर्जाचा अहवाल आणि विभागाचा क्रमांक द्यावयाचा असतो. भारताची मुख्य भूमी २२ क्रमांकाच्या विभागात येते. श्रीलंका आणि मालदीवही त्यातच. म्हणजे चिखलदऱ्याहून बोलणारा चालक आणि कोलंबोहून बोलणारा चालक या स्पर्धेच्या दृष्टीने एकाच ठिकाणी उभे असतात. त्याहून महत्त्वाचा नियम असा की, स्वतःच्याच देशातील केंद्राशी केलेल्या संपर्कास शून्य गुण आहेत. गुणक म्हणून तो एकदा उपयोगी पडेल, पण त्याला स्वतःचे मोल नाही. अमरावतीच्या चालकाने रात्रभर जागून नागपूरशी संपर्क साधला, तर त्याच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. ब्राझीलशी साधला तर होते.

जपानच्या राष्ट्रीय संघटनेची ‘ऑल एशियन’ स्पर्धा १९६० पासून भरते. आशियाखंडातील हौशी कार्यास उत्तेजन देणे हा तिचा उद्देश असल्याने भारतीय हौशींच्या दृष्टीने ती जवळची प्रादेशिक स्पर्धा म्हणता येईल. तिचे संकेतवाचन मोर्सद्वारे होणारे सत्र जूनच्या तिसऱ्या आठवड्याअखेर येते. जागतिक वेळेनुसार ती शनिवारी शून्य वाजता सुरू होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. वऱ्हाडात तेव्हा मृगाच्या पेरणीची लगबग आणि विजांचा कडकडाट असतो. उंच अँटेना लावून बसण्यास याहून गैरसोयीचा मुहूर्त शोधून सापडणार नाही. या स्पर्धेत चालकाने स्वतःचे वय कळवावयाचे असते, स्त्री चालकांना मात्र त्याऐवजी शून्य-शून्य कळविण्याची मुभा दिलेली आहे. हा नियम वरवर गमतीचा वाटतो. परंतु त्यामुळे समोरच्याने काय सांगितले ते खरोखर ऐकावे लागते. अंदाजाने लिहिता येत नाही. शिवाय अशा स्पर्धेच्या नोंदवह्यांत त्या काळातील हौशींचे वय नकळत नोंदले जाते, हा इतिहासाच्या अभ्यासकास मिळालेला आनुषंगिक लाभ.

याउलट जागतिक स्पर्धेतील अहवाल केवळ उपचार बनला आहे. संकेताची स्पष्टता पाचपैकी आणि बळ नऊपैकी सांगावयाचे असते; प्रत्यक्षात संकेत कसाही येवो, सारेजण ‘पाच-नऊ’ असेच म्हणतात. विभाग क्रमांक तर संगणकाच्या यादीत आधीच भरलेला असतो. अशा संपर्कात ऐकण्यासारखे कॉल साइनखेरीज काही उरत नाही. स्पर्धा ही आपत्कालीन सेवेची पूर्वतयारी आहे असे विधान अनेकदा केले जाते. परंतु कोणत्या नियमांची स्पर्धा, हा प्रश्न विचारल्याविना ते स्वीकारता येत नाही.

दूर आणि जवळ यांतील हे अंतर केवळ गुणांपुरते नाही, ते भौतिकशास्त्रातही आहे. १४ मेगाहर्ट्झच्या आसपासची लघुलहर आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवर उतरते आणि मधला टापू ओलांडून जाते. परिणामी युरोपशी स्वच्छ बोलणाऱ्या केंद्रास दीडशे किलोमीटरवरील केंद्र ऐकूच येत नाही. जवळच्याशी बोलण्यास निराळी साधने लागतात.

डिसेंबर २००४ मध्ये याचा प्रत्यय आला. अंदमानातून दीर्घकाळ हौशी प्रक्षेपणास परवानगी नव्हती. ती मिळाल्यावर श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील पथक पोर्ट ब्लेअरहून जगभरच्या चालकांशी संपर्क साधत होते. जगाच्या दृष्टीने तो दुर्मीळ प्रदेश असल्याने दूरदूरच्या केंद्रांची झुंबड उडालेली होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, नेहमीची संदेशयंत्रणा कोलमडली, आणि याच पथकाने आपले संच द्वीपसमूह व मुख्य भूमी यांच्यातील निरोपांसाठी वापरले. दूरच्यासाठी नेलेली सामग्री जवळच्यांच्या कामी आली. ही घटना हौशींच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते व ते योग्यच आहे. तरीही तेथे अनुभवी पथक त्याच वेळी हजर असणे हा योगायोग होता, हे विसरता येत नाही.

विदर्भास असा योगायोग लाभला नव्हता. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने अमरावती जिल्ह्याच्या सीमेलगतचे मोवाड उद्ध्वस्त केले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पूर वरून खाली येतो. वरच्या गावाचा शब्द खालच्या गावास वेळेवर कळणे, ही अशा प्रसंगी सर्वांत मोलाची गोष्ट. तो संपर्क काही किलोमीटरांचा असतो. जागतिक स्पर्धेच्या हिशेबात शून्य गुणांचा.

चिखलदऱ्याचे पठार

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंचीवर, गाविलगड डोंगररांगेच्या दक्षिण कडेला वसले आहे. जवळच वैराट हे सुमारे ११७८ मीटर उंचीचे स्थान आहे. हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये येथे आला आणि पुढे हे थंड हवेचे ठिकाण म्हणून वाढले, हा इतिहास परिचित आहे. त्याहून जुना गाविलगडाचा इतिहासही या लेखाच्या विषयास अगदीच परका नाही. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीचे सैन्य दक्षिणेस आणि कर्नल स्टीव्हन्सनचे सैन्य उत्तरेस, अशी किल्ल्याच्या वेढ्याची रचना होती. उत्तरेकडील बाजूस पोहोचण्यासाठी स्टीव्हन्सनच्या सैन्याला ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत दऱ्याखोऱ्यांतून तोफा हातांनी ओढत न्याव्या लागल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि १७ तारखेस देवगावचा तह झाला. दक्षिणेकडून हा डोंगर उघडा आणि सन्मुख आहे, उत्तरेकडून मात्र घड्यांमागे घड्या असलेला, ही गोष्ट त्या मोहिमेने दाखवून दिली. बिनतारी लहरींनाही डोंगर असाच दिसतो.

अतिउच्च वारंवारतेच्या लहरी, म्हणजे हौशींच्या वापरातील १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी, बहुतांशी दृष्टिरेषेत प्रवास करतात. उंचीचे मीटरमधील वर्गमूळ ४.१२ ने गुणले असता रेडिओ क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर अदमासे मिळते. चिखलदऱ्याचे पठार वऱ्हाडच्या मैदानापेक्षा सुमारे ७५० मीटर उंच आहे. म्हणजे तेथून नजरेचे क्षितिज सुमारे ९८ आणि रेडिओचे सुमारे ११३ किलोमीटर ठरते. सरळ रेषेत अमरावती सुमारे ७० किलोमीटरवर आहे आणि अकोला सुमारे ८५. दोन्ही शहरे या कक्षेत येतात. नागपूर सुमारे १८५ किलोमीटरवर असल्याने ते कक्षेबाहेर पडते. वातावरणाची विशेष अनुकूलता असल्याखेरीज तेथवर पोहोचण्याची शाश्वती देता येत नाही. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, हातात धरता येईल एवढा लहान संच आणि साधी दिशादर्शी अँटेना एवढ्या सामग्रीवर वऱ्हाडची दोन प्रमुख शहरे पठाराशी जोडता येऊ शकतात. यात कोणताही मनोरा, केबल वा कंपनी मध्ये येत नाही. अतिउच्च वारंवारतेच्या स्पर्धांत रिपीटरमार्फत केलेला संपर्क सामान्यतः ग्राह्य धरीत नाहीत, त्याचे कारणही हेच. मधले यंत्र बंद पडल्यावर काय उरते, याची ती परीक्षा असते.

अशा स्पर्धांत विभागांऐवजी चौकोन वापरतात. १९८० मध्ये इंग्लंडमधील मेडनहेड येथे झालेल्या बैठकीत ठरलेल्या पद्धतीनुसार पृथ्वीचे दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांश अशा आकाराचे चौकोन पाडले आहेत. या पद्धतीने मांडणी केली असता चिखलदरा ‘एमएल ८१’ या चौकोनात येते. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि वाशीम ही चारही जिल्हा ठिकाणे ‘एमएल ८०’ मध्ये, यवतमाळ ‘एमएल ९०’ मध्ये आणि नागपूर ‘एमएल ९१’ मध्ये पडते. २१ अंश उत्तर अक्षांश ही रेषा मैदान आणि डोंगर यांच्यामधून गेल्याने चिखलदरा आणि अमरावती एका जिल्ह्यात असूनही दोन चौकोनांत विभागली जातात, तर मध्यप्रदेशातील बऱ्हाणपूर चिखलदऱ्याच्याच चौकोनात येते. विकासाच्या निधीवरून नेहमी तुलना होणारी अमरावती आणि अकोला ही शहरे मात्र येथे एका घरात नांदतात. प्रशासकीय सीमांशी या चौकोनांचे काही देणेघेणे नसते. जागतिक स्पर्धेत २२ या अंकात बुडून गेलेल्या या ठिकाणास प्रादेशिक स्पर्धेच्या नियमाने असा स्वतंत्र पत्ता मिळतो.

येथपर्यंत सारे अनुकूल आहे. परंतु अंतरानुसार गुण, हा अशा स्पर्धांतील प्रचलित नियम चिखलदऱ्यास लागू करून पाहिला की त्यातील उणीव उघड होते. प्रत्येक किलोमीटरास एक गुण धरला तर अकोल्याच्या संपर्कास ८५ गुण मिळतील. धारणी सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत आहे. तिला त्याहून कमी गुण. शिवाय धारणीच्या आणि पठाराच्या मध्ये सातपुड्याच्या रांगा आडव्या आहेत, त्यामुळे तो संपर्क अकोल्यापेक्षा कितीतरी अवघड. शहाणा स्पर्धक काय करील? तो अँटेना दक्षिणेस, मैदानाकडे वळवील आणि मेळघाटाकडे पाठ करील.

आणि गरज तर मेळघाटाकडे आहे. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या कोरकू गावांना पावसाळ्यात रस्ता तुटण्याचा अनुभव नवा नाही. हरिसालचा डिजिटल गाव म्हणून २०१६ मध्ये मोठा गाजावाजा झाला. आसपासच्या दऱ्यांत मोबाईलची कक्षा मात्र आजही खंडित आढळते. वनखात्याच्या बिनतारी संचांचा आधार अशा भागात महत्त्वाचा ठरतो. मोबाईलच्या काळात हौशी बिनतारीचे प्रयोजन काय, हा प्रश्न शहरात बसून विचारणे सोपे आहे. गरोदर स्त्रीस रुग्णालयात हलवावयाचे असताना पूल पाण्याखाली गेला आहे की नाही, एवढीच बातमी ज्या गावास हवी असते, तेथे तो प्रश्न तितका सोपा राहत नाही.

नियमांची दिशा

स्पर्धेचे नियम हे निसर्गनियम नव्हेत. फील्ड डेच्या संयोजकांनी बॅटरीवरील पाच वॉटला वरचा गुणक दिला, तो विचारपूर्वक. त्याच न्यायाने चिखलदरा केंद्रस्थानी धरून नियम रचावयाचे झाल्यास अंतर हा निकष बाजूस ठेवून अडथळा हा निकष घ्यावा लागेल. पठाराच्या उत्तरेकडील खोऱ्यांतील केंद्राशी झालेल्या संपर्कास मैदानातील संपर्काच्या अनेक पट गुण, आणि गुणक म्हणून देश किंवा चौकोनांऐवजी नदीखोरी, अशी मांडणी करता येईल. नकाशावरील पाच नद्या म्हणजे पाच गुणक.

केवळ दृष्टिरेषेच्या लहरींवर हे साध्य होणार नाही. येथे ७ मेगाहर्ट्झचा पट्टा उपयोगी पडतो. त्याची तरंगलांबी सुमारे ४० मीटर. अर्ध्या लांबीची, म्हणजे सुमारे २० मीटरची तार दोन झाडांमध्ये जमिनीपासून चार-पाच मीटर उंचीवर आडवी बांधली असता लहरींचा मोठा भाग सरळ वर जातो आणि दिवसा आयनांबरावरून परतून काही शे किलोमीटरच्या परिसरात सर्वत्र उतरतो. डोंगर मध्ये येत नाही, कारण लहर त्याच्या डोक्यावरून येते. दूरसंपर्काच्या स्पर्धेत बुटकी अँटेना ही चेष्टेचा विषय असते. दरीत तीच कामाची. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात सूर्यास्तानंतर वावरण्यावर असणारे निर्बंध पाहता स्पर्धा दिवसाउजेडी घ्यावी लागेल, आणि सुदैवाने या लहरींचा जवळच्या अंतरासाठी अनुकूल काळही दिवसाचाच आहे. वनखात्याची पूर्वपरवानगी आणि परवान्यातील स्थळाबाबतची अनुमती या दोन्ही गोष्टी नियमपत्रकाच्या पहिल्या कलमात घालणे इष्ट.

देवाणघेवाणीची माहिती कोणती असावी, हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. ‘पाच-नऊ’ आणि ‘बावीस’ यांनी कानास काहीच शिकवण मिळत नाही, हे वर पाहिले. त्याऐवजी प्रत्येक केंद्राने आपण ज्या गावाजवळ उभे आहोत त्याचे नाव आणि तेथील सकाळच्या पावसाची स्वतः घेतलेली नोंद मिलिमीटरमध्ये द्यावी. ही माहिती चालकाची स्वतःची असल्याने त्रयस्थाच्या निरोपाचा आक्षेप उद्भवत नाही. आणि ती दर वेळी बदलत असल्याने आधी लिहून ठेवता येत नाही. मेळघाटातील गावांची नावे बाहेरच्या कानास अनोळखी आहेत. रंगुबेली, काटकुंभ, जारिदा, बैरागड, सेमाडोह ही नावे खरखरीतून अचूक टिपणे ही चांगली परीक्षा ठरेल. नाव अक्षरागणिक सांगण्याची देवनागरी पद्धत त्यासाठी संयोजकांना आधी ठरवून द्यावी लागेल. इंग्रजी अक्षरांची प्रचलित पद्धत ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्यापाशी अडते.

चुकीच्या नोंदीस दंड असावा का, याविषयी स्पर्धकांमध्ये नेहमी मतभेद असतात. नवख्यांचा उत्साह मावळतो, अशी तक्रार ऐकू येते आणि तीत तथ्य आहे. तरीही गावाच्या नावाबाबत सवलत देता येणार नाही. हतरू हे मेळघाटातील गाव. हातरुण हे अकोला जिल्ह्यातील, सातपुड्याच्या अलीकडे मैदानात असलेले. लिहिताना एका अक्षराचा आणि एका कान्याचा फरक पडतो आणि गोंगाटात तो सहज निसटतो. ज्या नोंदवहीत हतरूच्या जागी हातरुण लिहिलेले आढळेल, तिच्यातील तो संपर्क दोन्ही केंद्रांच्या खात्यातून वजा करावा. सांगणाऱ्यानेही समोरच्याकडून नाव परत वदवून घ्यावयास हवे होते.